रुग्णसेवक आणि इन्फ्ल्युएंझाची लस

दिव्याखालीं अंधार असतो, याचा प्रत्यय कधीं कधीं रुग्णालयांतही येतो. इन्फ्ल्युएंझाची लस दरवर्षीं टोंचून घ्यावी, असें रोग्यास सांगणाऱ्या डॉक्टर व परिचारिका यांपैकीं कित्येक जण स्वतः मात्र ती टाळतात. अमेरिकेंतील सिॲटल शहरीं व्हर्जिनिया मेसन नांवाचें वैद्यकीय केंद्र आहे. तेथें २००५ पूर्वीं शेंकडा ५४ सेवकच ती घेत. यास आळस म्हणावें कीं अज्ञान? दोन्ही शब्द अपुरे आहेत. टाळणाराजवळ कारणें असतात, आणि तीं सर्वच पोकळ नसतात.

पहिलें कारण संवयीचें. रोज रोग्यांत वावरणारास आपलें शरीर आतां कसलेलें आहे असें वाटूं लागतें. परंतु या रोगाचा विषाणु सतत रूप पालटतो. गेल्या सालची प्रतिकारशक्ति यंदा पुरेलच असें नाहीं. म्हणूनच लशींत कोणते विषाणु असावेत हें जागतिक आरोग्य संघटना वर्षांतून दोनदां नव्यानें सुचविते.

दुसरें कारण, लशीनेंच फ्ल्यू होतो ही समजूत. सुईनें टोंचावयाच्या लशींत जिवंत विषाणु नसतो. तेव्हां तिच्यापासून हा रोग होणें शक्य नाहीं. दंड दुखतो, एखाद-दुसरा दिवस कणकण वाटते. मात्र संरक्षण उत्पन्न होण्यास सुमारें दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यांत कोठून पडसें जडलें कीं दोष लशीच्या माथीं येतो.

तिसरा आक्षेप खरा आहे. विषाणूशीं मेळ चांगला बसला त्या वर्षींही ही लस आजाराचा धोका शेंकडा ४० ते ६० इतकाच कमी करते.

मग ती घ्यावी कशासाठीं? येथें प्रश्न एकट्या घेणाराचा राहत नाहीं. लक्षणें दिसण्याच्या आदल्या दिवसापासून माणूस रोग पसरवूं शकतो. शिवाय अंगांत कसर असतांही कामावर येणें ही कर्तव्यनिष्ठा समजली जाते. स्कॉटलंडांत १९९६-९७ च्या हिंवाळ्यांत वृद्धांच्या २० रुग्णालयांत प्रयोग झाला. जेथें सेवकांस लस देऊं केली, तेथें शेंकडा १३.६ रोगी दगावले; इतरत्र २२.४. तथापि रोग्यांतील विषाणूच्या तपासणींत तसा फरक आढळला नाहीं. त्यामुळें श्रेय लशीस किती, हा वाद उरलाच.

सिॲटलच्या त्या केंद्रानें २००५ मध्यें लस ही नोकरीची अट केली, आणि पहिल्याच वर्षीं प्रमाण शेंकडा ९७.६ झालें. परिचारिकांच्या संघटनेनें मात्र हरकत घेतली, आणि रुग्णविभागांतील परिचारिकांस सक्तींतून सूट मिळाली. सक्तीनें आंकडा वाढतो. मनांतील शंका तिनें फिटतेच असें नाहीं. ती फेडावयाची तर लशीचें बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही सरळ सांगितलीं पाहिजेत.

भारतांत स्वाइन फ्ल्यूचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्यें पुण्यास पडला. सरकारी मार्गदर्शनांत रुग्णसेवकांनीं लस घ्यावी असें सांगितलेलें आहे. मुंबईकडे या रोगाचा जोर पावसाळ्यांत असतो. म्हणून मृग लागण्यापूर्वीं ती घेणें श्रेयस्कर. रोगी आपला डॉक्टर निवडूं शकतो; रात्रपाळीस उशाशीं कोण येणार, हें त्याच्या हातीं नसतें. ज्याच्या हातीं आहे, त्यानेंच त्याचा विचार करावयाचा.