परदेशची नोकरी आणि आजारपणाचा विमा



विमा म्हटला की आपल्या माणसाला मरण आठवते. घरातला कर्ता गेला तर मागे राहिलेल्यांना चार पैसे मिळावेत, एवढाच त्याचा अर्थ आपण धरतो. माणूस जिवंत आहे, पण अंथरुणाला खिळला आहे आणि तेही परक्या मुलखात, तेव्हा दवाखान्याचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न आपल्या डोक्यात सहसा येत नाही. केमचे नाव कुंकवाने दूरवर पोहोचले. आता आपल्या भागातली मुलेही नोकरीसाठी दूर निघाली आहेत. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम हाच घेतला.

कामगार संघटनेच्या कार्यालयात अशी मुले कागदांची पिशवी घेऊन येतात. ‘विमा काढलाय ना?’ असे विचारले की ‘हो, एजंटाने काढलाय’ हे उत्तर ठरलेले. पिशवी उघडली की कधी निघते डॉक्टरी तपासणीचे प्रमाणपत्र, कधी प्रवासाचा विमा, कधी अपघाताची पॉलिसी. या तिन्ही वस्तू निरनिराळ्या आहेत. आणि ताप आला, मुतखडा झाला, अपेंडिक्स फुटले, तर उपचार करून देणारी चौथी वस्तू या पिशवीत बहुधा नसतेच.

डॉक्टरी तपासणी हा विमा नव्हे, हे आधी पक्के करू. आखाती देशांत जाणाऱ्याची छाती, रक्त सारे तपासतात. ते त्या देशाच्या आणि मालकाच्या सोयीसाठी. तुमच्या देहाची हमी त्यांनी घेतली. त्यांनी तुम्हाला काही हमी दिली असे नाही.

आता अपघाताच्या पॉलिसीकडे वळू. १९८३ साली झालेल्या उत्प्रवास कायद्याने, कमी शिकलेल्या कामगाराने ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, अशी व्यवस्था घातली. त्याच व्यवस्थेत २००३ साली ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ आली, आणि ज्याचा पासपोर्ट ईसीआर वर्गाचा आहे त्याला ती सक्तीची झाली. २०१७ साली सुधारलेल्या योजनेत अपघाती मृत्यू किंवा नोकरी जाण्याइतके कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये ठेवले, आणि हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये व तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर, असा ठरवला. दिवसाला अडतीस पैसेसुद्धा पडत नाहीत! योजना चांगली आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तिच्यात दवाखान्याच्या खर्चाची मर्यादा एकूण १ लाख रुपये, आणि एका वेळच्या भरतीला ५० हजार, एवढीच धरली होती. परदेशी रुग्णालयात एवढी रक्कम किती दिवस पुरेल? शिवाय दहावी पास झालेल्याला या पॉलिसीची सक्ती नाही. शिकलेला मुलगा आपण सुटलो म्हणून खुशीत असतो, आणि खरे पाहता त्याच्या हातून अडतीस पैशांचा आधारही निसटलेला असतो.

मग खरा विमा कोणता? ज्या देशात काम करायचे त्या देशाच्या कायद्याने दिलेला. आणि तो कायदा बहुतेक ठिकाणी मालकाला धरतो. सौदी अरेबियाने १९९९ साली सहकारी आरोग्य विम्याचा कायदा करून परदेशी कामगाराचा विमा उतरवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. अबू धाबी आणि दुबई यांनी आपापले कायदे केले, आणि १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीतल्या उरलेल्या अमिरातींतही खाजगी नोकरांना व घरकामगारांना तोच नियम लागू झाला : विमा असल्याशिवाय राहण्याचा परवाना मिळत नाही, त्याचे नूतनीकरणही होत नाही. त्यावेळी या अमिरातींसाठी ठरवलेली साधी पॉलिसी वर्षाला ३२० दिरहॅमची होती. ती मालकाने घ्यायची. रुग्णालयात भरती झाल्यास कामगाराने बिलाचा पाचवा हिस्सा द्यायचा, तोही एका वेळी ५०० आणि वर्षात १,००० दिरहॅमपेक्षा जास्त नाही.

येथे एक गंमत सांगतो. त्याच देशात २०२३ पासून बेकारीचा विमा निघाला, आणि तो कामगाराने स्वतः काढायचा. कमी पगारवाल्याला महिन्याला पाच दिरहॅम. दोन्हींचे नाव ‘इन्शुरन्स’. तेव्हा पगारातून ‘इन्शुरन्स’ म्हणून कापले, की हे पाच दिरहॅम आहेत की मालकाने भरायचा हप्ता आपल्या खिशातून गेला, हे विचारायला हवे. विचारत कोणी नाही. नव्या नोकरीत प्रश्न विचारणारा माणूस कटकट्या ठरतो, ही भीती मला चांगली ठाऊक आहे.

जर्मनीची तऱ्हा वेगळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने तेथील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर अशा कारागिरांची मागणी आहे. तेथे आजारपणाचा सक्तीचा विमा १८८३ पासून आहे. बिस्मार्कने तो आणला. कामगारांविषयी त्याला फार कळवळा होता असे नव्हे. समाजवाद्यांच्या हातून कामगार सुटावा हा हिशेब होता. पण कायदा टिकला. आज पगाराच्या १४.६ टक्के मूळ वर्गणी, निम्मी मालकाची, निम्मी कामगाराची. वर विमा मंडळाची थोडी जादा वर्गणी, तीही निम्मी-निम्मी. पगार २,८०० युरो असला, तर मूळ वर्गणीचे सुमारे २०४ युरो कामगाराच्या पगारातून जातात आणि तितकेच मालक घालतो. आपला मुलगा कापलेला आकडा पाहून फसलो म्हणतो. तो फसलेला नाही. सोलापुरात कारखान्यात काम केलेल्याने ईएसआय आठवावे; १९४८ च्या त्या कायद्याचे तत्त्व हेच आहे. आपल्याकडे कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के, एवढाच फरक.

जर्मनीत खाचखळगा आहे तो मधल्या दिवसांचा. हा सक्तीचा विमा नोकरी सुरू झाली की लागू होतो. विमान उतरले पहिल्या तारखेला आणि काम लागले पंधराव्या तारखेला, तर मधले दोन आठवडे माणूस उघडा पडतो. म्हणून व्हिसा देणारे अधिकारी देशात पाऊल ठेवल्याच्या दिवसापासूनचा विमा मागतात. तो प्रवासी विमा तारखा जुळवून घ्यावा लागतो. युरोपच्या अल्प मुदतीच्या व्हिसाला ३० हजार युरोंचे संरक्षण लागते, तेवढे दाखवले की झाले, असे एजंट सांगतात. पण तो नियम पाहुण्यांचा आहे, नोकरीला जाणाऱ्याचा नव्हे.

इंग्लंडने तर विम्याऐवजी पट्टीच बसवली. व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्य अधिभार भरायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड झाला. व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे पैसे आगाऊ. आरोग्य व शुश्रूषा सेवकांच्या व्हिसावर जाणाऱ्यांना मात्र तो माफ केला आहे. तेव्हा नर्सबाईंकडून कोणी तो मागितला, तर सरळ नाही म्हणावे.

हा सगळा प्रश्न नवा आहे असे समजू नका. १८३४ नंतर कोकणातली मराठी माणसे गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. तेथे गैरहजेरीच्या एका दिवसाला दोन दिवसांचा रोज कापण्याची दुहेरी कपात चालत असे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात मांडला, तो सरकारी मतांनी पडला. पाच वर्षांनी, १९१७ साली, ती भरती थांबवावी लागली. परदेशी गेलेल्या मजुराचा आजार कोणाच्या खात्यावर, हे भांडण तेव्हापासूनचे आहे.

आज त्यातून निसटण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे भेटीचा व्हिसा. ‘आता पाहुणा म्हणून चल, तिकडे गेल्यावर बदलून देतो’ असे सांगतात. पाहुण्याला मालक नसतो. मालक नाही म्हणून मालकाचा विमा नाही, उत्प्रवासाची नोंद नाही, आणि काम करताना पडला तर तो कागदोपत्री कामावर नव्हताच. असे जाण्यापेक्षा महिनाभर थांबावे, दुसरी नोकरी पाहावी.

निघण्यापूर्वी करारात विम्याचा हप्ता कोणी भरायचा हे लिहिले आहे का, ते पाहावे. नसेल तर लिहवून घ्यावे. कोणत्या तारखेपासून विमा सुरू, कोणत्या दवाखान्यात चालतो, जुना मधुमेह वा दमा असेल तर तो झाकून ठेवला आहे की नोंदवला आहे, हे विचारावे. झाकलेला आजार पुढे दाव्याच्या वेळी उघडा पडतो. पॉलिसीची एक प्रत घरी द्यावी. बीमा योजनेत परतीच्या तिकिटाची सोय आहे, पण कारण भारतीय वकिलातीने प्रमाणित करावे लागते. म्हणून वकिलातीचा फोन क्रमांकही त्याच प्रतीवर लिहावा. आणि वारस म्हणून कोणाचे नाव घातले आहे ते घरच्यांना सांगून जावे. पॉलिसी लग्नाआधी काढलेली असेल, तर तेथे अजून वडिलांचेच नाव असते आणि बायकोला ते माहीत नसते.