कबुली स्वस्त नसते

पावसाळ्याच्या तोंडाशी, उखडलेल्या रस्त्यावर पसरलेल्या खडीवरून एखाद्या कारकुनाची स्कूटर घसरते. मागे बसलेल्या पत्नीचा हात मोडतो. धडक देणारे दुसरे वाहन नसते. रुग्णालयातून पोलीस ठाण्याला वर्दी जाते, आणि काही महिन्यांनी त्या गृहस्थाच्या हाती न्यायालयाचे समन्स पडते. वाहन एकच, म्हणून दोषीही एकच, असे गृहीत धरून कागद तयार झालेले असतात.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो कबुलीचा : गुन्हा मान्य करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. बेदरकारपणे वाहन चालविण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ अन्वये कमाल सहा महिने कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. वकिलाची फी, रजा आणि प्रवास यांत त्याहून अधिक पैसे सहज जातात.

तथापि या हिशेबात अर्धा खर्च धरलेलाच नसतो. हाड मोडले की ती जबर दुखापत ठरते. कलम १२५ अन्वये तिला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय कबुली म्हणजे दोषसिद्धी. ज्या वर्तनाबद्दल दोषसिद्धी झाली, त्यासाठी सरकारी नोकराला चौकशीवाचूनही बडतर्फ करण्याची मुभा संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये आहे. प्रत्येक वेळी तसे घडत नाही. पण सही करण्यापूर्वी ते ठाऊक हवे.

वस्तुतः अपघात झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. १९८२ मध्ये कर्नाटकात एक ट्रक नाला ओलांडताना उलटून १५ माणसे मृत्युमुखी पडली. साक्षीदार म्हणाले, वेग फार होता. 'फार' म्हणजे किती, हे कोणीच सांगितले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये 'कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश' या खटल्यात चालकाची सुटका कायम ठेवली. दोष सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो.

म्हणूनच तारखेपूर्वीची तयारी कागदांपासून सुरू व्हावी. दोषारोपपत्र व जबाबांच्या प्रती आरोपीला विनामूल्य मिळतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार त्या हजर झाल्यापासून १४ दिवसांत द्यावयाच्या असतात. पंचनाम्यात खडीचा उल्लेख आहे काय? मोटार वाहन निरीक्षकाने ब्रेकविषयी काय लिहिले? पत्नीचा जबाब तिच्याच शब्दांत आहे काय? त्या दिवसांतली छायाचित्रे, विमा, परवाना व रुग्णालयाचे कागद वकिलाला आधीच दाखवावेत. वकील परवडत नसेल, तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यास तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. तारीख मात्र चुकवू नये. गैरहजेरीतून वॉरंट निघते.

हे सारे वाचल्यावर चूक आपलीच होती असे दिसले, तर कबुली देणे हा प्रामाणिकपणा होय. न वाचता दिलेली कबुली हा केवळ थकवा असतो.

रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ म्हणून आली. मोडलेला हात पुढे बरा झाला, तर ते कलम लागू होत नाही. खडी रस्त्यावर राहते आणि तारखा स्कूटरवाल्याच्या वाट्याला येतात. न्यायाची किंमत दंडाहून अधिक असेल, तर निरपराध मनुष्यही दंडच पत्करील. तारखा कमी करणे हाच त्यावरचा उपाय, आणि तो आरोपीच्या हाती नाही.