2.96 या आकड्यात दुधनी कुठे आहे?

सोलापूर विद्यापीठाला राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिमान्यता परिषदेच्या (नॅक) 2015 सालच्या मूल्यांकनात 2.62 गुण आणि ‘बी’ श्रेणी मिळाली होती. 2022 मध्ये गुण 2.96 झाले, श्रेणी ‘बी प्लस प्लस’. गुणांतली वाढ 0.34 ची, पण श्रेणी दोन पायऱ्या चढलेली दिसते. त्यातली एक पायरी मोजपट्टी बदलल्यामुळे मिळाली आहे. 2016 पर्यंत 2.01 ते 3.00 हा सगळा पट्टा ‘बी’मध्ये मोडायचा. नंतर त्याचे तीन तुकडे झाले: 2.50 पर्यंत ‘बी’, 2.75 पर्यंत ‘बी प्लस’, 3.00 पर्यंत ‘बी प्लस प्लस’. नव्या पट्टीवर 2.62 ला ‘बी प्लस’ मिळाले असते; जुन्या पट्टीवर 2.96 सुद्धा ‘बी’च ठरले असते. ‘ए’ श्रेणी 3.01 पासून सुरू होते. ती अवघ्या 0.05 ने हुकली. वाढ खरी आहे आणि त्यामागे माणसांचे कष्ट आहेत. पण अक्षरे वाचून तिचा अंदाज येत नाही.

हे गुण कशाचे? नॅकच्या 2017 च्या चौकटीत विद्यापीठासाठी एकूण भार 1000. त्यात संशोधनाला 250, अध्यापनाला 200. संलग्न महाविद्यालयांसाठी हेच प्रमाण उलटते: अध्यापनाला 350, संशोधनाला 110 ते 120. म्हणजे 2.96 हे मुख्यतः विद्यापीठाच्या केगाव इथल्या परिसरातल्या विभागांचे गुण आहेत. अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीचा विद्यार्थी मात्र बहुधा एखाद्या संलग्न महाविद्यालयाच्या बाकावर बसलेला असतो. त्या महाविद्यालयाचे मूल्यांकन वेगळे, त्याची श्रेणी वेगळी.

दुधनीपुरते बोलायचे तर सर्वांत मोठी व्यवस्थापकीय सुधारणा 1 ऑगस्ट 2004 रोजी झाली. तोवर सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तरी सुमारे तीनशे किलोमीटरची वाट. एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि हे अंतर बरेच कमी झाले. सीमेपलीकडचे कलबुर्गी त्याहूनही जवळ आहे. तिथे 1980 पासून विद्यापीठ आहे आणि कन्नड ही दुधनीत अनेकांच्या घरची भाषा आहे. त्यामुळे इथल्या मुलाला पर्याय आहे. तो कुठे जाईल, हे नॅकच्या अक्षरापेक्षा वर्गात शिक्षक आहे का आणि निकाल वेळेवर लागतो का, यावर ठरते.

शिक्षकांचाच आकडा पाहू. मंजूर पदांपैकी किती पदांवर पूर्णवेळ शिक्षक आहेत, हे नॅक मोजते. मोजायलाच हवे. पण अनुदानित महाविद्यालयातली पदे भरण्याची परवानगी मंत्रालयातून येते. 2018 मध्ये राज्याने सहायक प्राध्यापकांच्या 3,580 पदांना मान्यता दिली. त्यातली 1,492 भरली गेली, म्हणजे 42 टक्क्यांच्या आसपास. 2020 मध्ये करोनामुळे भरतीच थांबली आणि उरलेल्या 2,088 पदांसाठी 2021 मध्ये पुन्हा मान्यता घ्यावी लागली. मधल्या काळात वर्ग चालवले ते तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी. रिकाम्या खुर्चीचे गुण कापले जातात प्राचार्यांचे, आणि खुर्ची भरण्याचा अधिकार असलेल्याला कोणी गुण देत नाही. हा मला या सगळ्या मोजमापातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

जे मोजले जाते त्याचे पीक वाढते, हेही आकडे सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांची बढती गुणांकाला बांधली, आणि शोधनिबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचा बाजार भरला. 2018 मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला. 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने मान्यता यादीतून 4,305 नियतकालिके काढली. नोव्हेंबर 2022 मध्ये पीएचडीसाठीची शोधनिबंधाची सक्तीही गेली. संशोधनाची अशी मोजणी 1986 मध्ये सुरू करणाऱ्या ब्रिटनलाही माघार घ्यावी लागली: 2014 च्या फेरीत प्रत्येक संशोधकाकडून सहसा चार निबंध अपेक्षित होते, 2021 मध्ये सरासरी अडीच.

निकालांचा आकडा कायद्यातच आहे. 1 मार्च 2017 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार परीक्षा संपल्यावर 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावे लागले.

जानेवारी 2024 मध्ये नॅकने अक्षरश्रेणी सोडून ‘मूल्यांकित’ किंवा ‘मूल्यांकित नाही’ एवढेच सांगायचे जाहीर केले; पुढे ज्यांना जायचे त्यांच्यासाठी पाच स्तर. अक्षरे जाणार असतील तर सोलापूर विद्यापीठाने प्रत्येक संलग्न महाविद्यालयाचे तीन आकडे दरवर्षी जाहीर करावेत: मंजूर पदांपैकी भरलेली पदे, निकालाला लागलेले दिवस, आणि पहिल्या वर्षाला आलेल्या शंभरांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले. प्रवेश, परीक्षा आणि शिक्षक-मान्यता या तिन्हींच्या नोंदी विद्यापीठाच्याच दप्तरात असतात.