रुमालात अडकलेला हुकूम

बदनावर हा एके काळी धारच्या पवारांच्या संस्थानातला परगणा. तेथून लेबडमार्गे इंदूर आणि त्यापलीकडे सिमरोलची आयआयटी हे अंतर एका सकाळीत उरकते, परंतु तेथल्या प्रयोगशाळेत बसून जे काम मी पाहिले ते कोणाच्याही घाईला जुमानत नाही.

हातमोजे चढविल्याखेरीज कशालाच आरंभ होत नाही, कारण आरएनए कुरतडणारी विकरे माणसाच्या बोटांवर सदैव वास करतात. जनुकाचा आदेश वाहणारा हा रेणू एकेरी धाग्याचा, त्यामुळे स्वतःवरच दुमडणारा. आणि ज्या भागात ग्वानिनचे पुंजके लागोपाठ येतात, तेथे चार-चार ग्वानिनांचे चौकोन होऊन एकावर एक रचले जातात. ग्वानिलिक आम्लाचे दाट द्रावण थिजते, हे इव्हार बांग याने १९१० सालीच नोंदविले होते. त्यामागचा चौकोन उलगडला तो १९६२ साली.

इंदूरच्याच मराठी घरातल्या विद्यार्थिनीने नमुना ९५ अंशांपर्यंत तापविला, सावकाश निवू दिला आणि वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश सोडणाऱ्या यंत्रात ठेवला. पाहणाऱ्यास दिसते काय, तर पाण्यासारखा रंगहीन थेंब! पडद्यावर लिथियमच्या क्षारातली रेषा मंदच राहिली. पोटॅशियमच्या क्षारातली मात्र २६४ नॅनोमीटरपाशी उंच चढली आणि २४० पाशी बुडाली.

"काका, पोटॅशियम दोन चौकोनांच्या मधोमध बसतं," ती म्हणाली, "लिथियमला ती जागा धरून ठेवता येत नाही."

निरोगी पेशीतही अशा घडीला काम असावे: एनआरएएस या कर्कजनक जनुकाच्या संदेशाच्या आरंभीची घडी प्रथिननिर्मितीस आळा घालते, असे शंकर बालसुब्रमण्यन यांच्या केंब्रिजमधील गटाने २००७ साली दाखविले. सी९ओआरएफ७२ या जनुकात मात्र काही रुग्णांत सहा अक्षरांचा ग्वानिनबहुल तुकडा शेकडो, क्वचित हजारो वेळा पुनरावृत्त होतो, हे २०११ साली उघड झाले. संस्थानी दप्तराच्या रुमालात अडकून पडलेल्या हुकुमाप्रमाणे त्या तुकड्यांवरून उतरलेला आरएनए केंद्रकात गोळा होऊन राहतो, आवश्यक प्रथिनेही स्वतःपाशी अडकवून ठेवतो, आणि स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी झिजविणाऱ्या एका असाध्य रोगाशी त्याचा संबंध जडलेला आहे.

तथापि कुपीतली घडी पेशीत तशीच असते, असे मानण्याची घाई मला मान्य नाही. डीएचएक्स३६ सारखी विकरे या घड्या सोडवीत असतात, आणि २०१६ साली गुओ व बार्टेल यांना जिवंत पेशींतील अशा बहुतेक जागा उलगडलेल्याच आढळल्या. तेव्हा एखाद्या औषधी रेणूने कुपीतली घडी वितळण्याचे तापमान काही अंशांनी वाढविले, एवढ्यावरून त्याला औषधाची सनद देता येत नाही; त्याची खरी तपासणी पेशीतच व्हावयास हवी.