एका सहीचा पल्ला

नांदुऱ्याहून मलकापूरकडे निघालं की वडनेर भोलजी लागतं. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं गाव. ट्रकवाल्यांना पक्कं ठाऊक, बाकी महाराष्ट्राला फारसं नाही. इथून दक्षिणेच्या डोंगरात ज्ञानगंगा अभयारण्य, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा आणि बुलढाणा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला लोणार सरोवर. या रानांत काय होऊ द्यायचं आणि काय नाही, हे पुष्कळदा दिल्लीत जोरबागच्या इंदिरा पर्यावरण भवनात ठरतं. पर्यावरणमंत्री मुंबईतही असतात. पण १९८० च्या वन संवर्धन कायद्यामुळे जंगलाची जमीन रस्त्याला, खाणीला किंवा धरणाला द्यायची तर राज्याला आधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागते.

२०१४ ते २०१६ आणि पुन्हा २०१९ ते २०२१ या काळात केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या खुर्चीवर मराठी माणूस होता, प्रकाश जावडेकर. जन्म १९५१ चा, पुण्याचा. वडील ‘केसरी’त पत्रकार, आई शिक्षिका, शाळा महाडला. १९७१ पासून दहा वर्षं बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये नोकरी, मधे आणीबाणीतला तुरुंगवास, मग पूर्णवेळ राजकारण. १९९० पासून बारा वर्षं पुणे पदवीधर मतदारसंघाचे आमदार, २००८ पासून २०२४ पर्यंत राज्यसभेत. पर्यावरणाचा अभ्यासक म्हणून घडलेला हा माणूस नव्हे. तरी डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान वाटाघाटींत भारताची बाजू मांडायला तेच होते, आणि २२ एप्रिल २०१६ रोजी न्यूयॉर्कला त्या करारावर भारतातर्फे सही झाली तीही त्यांचीच.

मग वाटतं, या खुर्चीवर निसर्गाचा जाणकारच बसवला तर? पोलंडने ते करून पाहिलं. तिथले यान शिश्को तीनदा पर्यावरणमंत्री झाले. मूळचे वनशास्त्राचे प्राध्यापक, आणि त्यांचा विषय जमिनीवर धावणारे शिकारी भुंगेरे. रानात डबे पुरून ठेवायचे, त्यात पडलेले भुंगेरे मोजायचे आणि एका भुंगेऱ्याचं सरासरी वजन काढायचं. कोवळ्या रानात लहान भुंगेरे जास्त, जुन्या रानात मोठे आणि जड. म्हणजे किड्याच्या वजनावरून जंगलाचं वय! ही रीत बसवण्यात शिश्कोंचा मोठा वाटा. आणि याच माणसाने २०१६ मध्ये बियालोविएझा या युरोपातल्या उरल्यासुरल्या आदिम जंगलात तिपटीने तोड वाढवायला मंजुरी दिली. कारण काय, तर सालीखाली पोखरणारा दुसरा एक भुंगेरा स्प्रूसची झाडं मारत होता. युरोपीय न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये तोड थांबवायला सांगितली, जानेवारी २०१८ मध्ये शिश्कोंचं मंत्रिपद गेलं आणि एप्रिलमध्ये तोड बेकायदा ठरली. एका भुंगेऱ्याने नाव दिलं, दुसऱ्याने खुर्ची घालवली.

तेव्हा नुसत्या ज्ञानाने भागत नाही. खात्याची घडणच विचित्र आहे: राखायचंही यांनीच आणि तोडायची परवानगी द्यायचीही यांनीच. जावडेकरांनी आल्या आल्या भर दिला तो वेगावर. जून २०१४ मध्ये परवानग्यांचे अर्ज ऑनलाइन झाले. फाइल वर्षानुवर्षं धूळ खात पडू नये हे खरंच, पण लवकर दिलेला होकार चांगलाच असतो असं मला वाटत नाही. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नियमांच्या २०२० च्या मसुद्यात जनसुनावणीच्या हरकतींची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायचं सुचवलं होतं. त्यावर देशभरातून लाखो हरकती गेल्या.

गंमत म्हणजे त्याच सुमारास बुलढाणा जिल्ह्यात निसर्गाचे एकेक प्रताप चालू होते. यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली गेली. पठ्ठ्या पावसाळ्याच्या तोंडाला निघाला तो तेलंगणात शिरला, परत फिरला आणि नाले, शेतं, महामार्ग ओलांडत डिसेंबरात ज्ञानगंगेत येऊन थांबला. एकूण चाल सुमारे ३,००० किलोमीटर, तीही माणसांनी गजबजलेल्या मुलखातून.

पुढे जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या लोकांनी तर्कांचा पाऊस पाडला. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर या संशोधन संस्थांत गेले. उत्तर निघालं हॅलोआर्किया, खाऱ्या पाण्यात फोफावणारे सूक्ष्मजीव. उन्हाने पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांची संख्या बेसुमार झाली आणि त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्याने सरोवर रंगलं. नमुना स्थिर ठेवला तर जीव तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ होई. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेलं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींची ही यादी, आणि महाराष्ट्रातून त्याआधी तीत फक्त नांदूर मध्यमेश्वर होतं.

यादीत नाव येणं सोपं. खरी परीक्षा येते ती रूळ टाकायची वेळ आली की. अकोला–खंडवा ही जुनी मीटरगेज लाइन मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असे. तिचं ब्रॉडगेज जंगलातूनच करायचं की वळसा घालून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून जंगलाबाहेरचा मार्ग मागितला. तो थोडा लांबचा, पण सोनाळा, जामोद अशा बुलढाण्याच्या गावांवरून जाणारा, जिथे आजवर रेल्वे आलेलीच नाही. वाघापायी वळवलेली गाडी आपल्या दारात येणार असेल, तर जळगाव जामोदकरांनी हरकत घ्यावी असं काही त्यात दिसत नाही.