मंदावलेल्या जठराचा कारभार

वजन उतरविणारी जी नवी इंजेक्शने, २०२५ च्या मार्चमध्ये 'मौंजारो' आणि जूनमध्ये 'वेगोवी', आपल्या देशातील औषधांच्या दुकानांत दाखल झाली, त्यांच्याविषयी बोलताना किती किलो उतरले याचीच चौकशी प्रथम होते. पहिल्या सुईनंतरच्या आठवड्यात ती टोचून घेणाऱ्या माणसाला सकाळचा चहा तरी गोड लागला काय, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

अन्न पोटात पडल्यावर आतड्यातून जो तृप्तीचा निरोप मेंदूकडे जातो, त्याचीच नक्कल ही औषधे करतात. परंतु आतड्याचा निरोप काही मिनिटांत विरून जातो, आणि 'वेगोवी'तील सेमाग्लुटाइड या औषधाचा अंमल मात्र इतका चिवट, की सात दिवसांनंतरही त्यातले निम्मे औषध शरीरात शिल्लक असते. भूक मावळते, आणि त्याबरोबर जठर आपला माल पुढे रवाना करण्यात दिरंगाई करू लागते. मळमळ, करपट ढेकर, छातीतील जळजळ या तक्रारींचे मूळ बव्हंशी या दुहेरी हुकमात आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत शंभरांपैकी सुमारे ४४ जणांना मळमळ जाणवली (औषधरहित सुई टोचलेल्यांतही १७ जणांना ती जाणवली, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले!), पण पोटाच्या त्रासाने औषध सोडणारे पाचांहूनही कमी निघाले.

म्हणूनच सेमाग्लुटाइडची मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून आरंभून दर चार आठवड्यांनी एकेक पायरी चढविण्याचा दंडक आहे. वजन लवकर उतरावे म्हणून ही मुदत स्वतःच्या अखत्यारीत तोडणारा मनुष्य मळमळीला आपण होऊन आमंत्रण देतो. उलट एखाद्या पायरीवर त्रास निवत नसेल, तर तेथेच अधिक काळ थांबण्याची मुभा डॉक्टर देऊ शकतात. लागोपाठ दोन सुया चुकल्या असतील, तर पुढची टोचण्यापूर्वी त्यांनाच विचारावे.

परंतु माझ्या मते खरा झगडा आहे तो आपल्या ताटाशी. 'पानात टाकू नये' हा संस्कार आणि 'एवढी एक पोळी घ्याच' हा आग्रह, या दोहोंच्या कात्रीत सापडलेला पाहुणा पूर्वी फार तर सुस्तावत असे. आता मंदावलेल्या जठरावर तो आग्रहाचा घास लादला, की उलटी ठरलेली. तेव्हा मुळातच थोडे वाढून घ्यावे, सावकाश चावावे, आणि पोटाला तडस लागण्याची वाट न पाहता हात आखडावा. भजी, साजूक तुपाची धार, मसालेदार रस्सा यांना काही आठवडे रजा द्यावी. मुगाची खिचडी, पातळ ताक, मऊ भात हे आजाऱ्याचे म्हणून हिणवलेले पदार्थ येथे उपकारक ठरतात. जेवणाबरोबर तांब्याभर पाणी रिचवू नये, दिवसभर घोटघोट प्यावे. जुलाब वा उलट्या होत असतील तर मीठ-साखरेचे पाणी हवेच, कारण पाणी आटले की मूत्रपिंडांवर ताण पडतो. बद्धकोष्ठावर इसबगोल चालतो, पण पुरेशा पाण्याविना तोच अडसर होऊन बसतो. आणि मोजक्याच घासांत उसळ, अंडे, पनीर यांना अग्रमान द्यावा, कारण चरबीबरोबर स्नायूही झडत असतात.

मळमळ सोसता येते. काही गोष्टी सोसू नयेत. पाठीपर्यंत जाणारी, न थांबणारी पोटदुखी स्वादुपिंडाच्या दाहाची, तर उजव्या बरगडीखालची कळ आणि डोळ्यांतील पिवळेपणा पित्ताशयातील खड्यांची सूचना असू शकते. अशा वेळी पुढची सुई तहकूब ठेवून थेट रुग्णालय गाठावे. मधुमेहाकरिता इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांस घाम फुटून हात थरथरू लागले, तर साखर उतरल्याचे समजून लगेच साखर खावी, आणि त्या औषधांची मात्रा डॉक्टरांकडून फेरतपासून घ्यावी.

शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून ही सुई लपवू नये. आदल्या रात्रीपासून निरंकार उपाशी असलेल्या रुग्णाच्या जठरात कालचे जेवण अद्याप मुक्कामाला असू शकते, आणि बेशुद्धीत ते उलटून फुप्फुसांत शिरण्याचा धोका असतो.