डॉक्टरांनीं भात कमी करावयास सांगितला, तर—

मधुमेहाचें निदान झालेला मनुष्य दवाखान्यांतून घरीं परततो, तेव्हां त्याच्या हातांत गोळ्यांची चिठ्ठी असते आणि कानांत डॉक्टरांचें एक वाक्य असतें : "भात, पोळी, बटाटा, साखर हीं कमी करा." चिठ्ठी औषधांच्या दुकानांत दाखविली कीं तिचें काम संपतें. वाक्याचें तसें नाहीं. त्याची अंमलबजावणी स्वयंपाकघरांत व्हावयाची असते. आणि एकत्र कुटुंबांत स्वयंपाकघर हें एकट्या रुग्णाचें कधींच नसतें. नागपूरच्या पूर्वेकडील नंदनवनासारख्या वस्तींत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचीं पानें एकाच स्वयंपाकावर वाढलीं जातात, अशीं घरें अद्याप आहेत. अशा घरांत सासरे, सासूबाई, दीर किंवा जाऊ ह्यांपैकीं एकास हा सल्ला मिळाला, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : आतां ह्यांच्यासाठीं वेगळें काय शिजवावयाचें? आमच्या मतें ह्या प्रश्नाचें खरें उत्तर असें कीं, वेगळें फारसें कांहींच शिजवावयाचें नाहीं. आहे त्याच स्वयंपाकांतील प्रमाणें बदलावयाचीं आहेत. मात्र त्यासाठीं घरांतील सर्वांस ह्या पथ्याचें कारण समजलें पाहिजे.

हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें २०२१ सालीं भारतांत मधुमेहाचे रुग्ण सुमारें १० कोटी १० लक्ष होते, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक आणखी १३ कोटी ६० लक्ष. "मी कांहीं लठ्ठ नाहीं, मला कशाला होईल?" ही समजूतहि टिकणारी नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं ह्या विषयावर दीर्घ संशोधन केलें आहे. २००४ सालीं त्यांनीं व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचेंच उदाहरण मांडलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, पण युडकिन ह्यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरांत २१.२ टक्के भरली. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या लोकांस हा रोग कां गांठतो, ह्याचा एक मोठा धागा येथें सांपडतो.

पिष्ट कमी करावयाचें, तें कशासाठीं?

आपल्या अन्नांत ऊर्जा देणारे घटक मुख्यतः तीन : पिष्टमय पदार्थ, प्रथिनें आणि स्निग्ध पदार्थ. पिष्टमय पदार्थांनाच तरुण मंडळी 'कार्ब्स' म्हणतात, आणि ते कमी केलेल्या आहाराला 'लो-कार्ब'. तांदूळ, गहूं, ज्वारी, बटाटा ह्यांतील पिष्टाचें पचनानंतर ग्लुकोज बनतें, म्हणजे तें साखरेच्याच रूपानें रक्तांत उतरतें. निरोगी माणसाच्या शरीरांत इन्सुलिन त्या साखरेची वेळच्या वेळीं विल्हेवाट लावतें. मधुमेहांत हें इन्सुलिन अपुरें पडतें किंवा त्याचा परिणाम मंदावतो. तेव्हां आंत येणारा साखरेचा लोंढाच आटोक्यांत ठेवावा, हें ह्या पथ्यामागचें साधें तत्त्व आहे.

हें तत्त्व नवें नव्हे. चरकसंहितेंत प्रमेहाचीं कारणें सांगतांना बैठें सुख, झोंपेचें सुख, दहीं, नवें धान्य व गुळाचे पदार्थ मोजलेले आहेत, आणि पथ्यांत जवाला मानाचें स्थान दिलेलें आहे. युरोपांत १८६३ सालीं विल्यम बॅन्टिंग नांवाच्या लंडनच्या स्थूल गृहस्थानें एक लहानसें पुस्तक छापलें. विल्यम हार्वे ह्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें पाव, साखर, बटाटे, बीअर वगैरे सोडून आपलें वजन कसें उतरलें, ही हकीकत त्यांत होती. तें पुस्तक इतकें गाजलें कीं, पथ्यानें वजन उतरविण्याच्या क्रियेलाच इंग्रजींत त्याचें नांव पडलें. पुढें १९२२ सालीं टोरोंटो येथें रुग्णास पहिल्यानें इन्सुलिन टोंचण्यांत आलें. तोंपर्यंत पिष्ट तोडणें व उपाशी ठेवणें ह्यांखेरीज डॉक्टरांच्या हातांत फारसें कांहीं नव्हतें.

आजचें शास्त्र ह्याविषयीं काय म्हणतें? अमेरिकेंतील मधुमेह-संघटनेनें २०१९ सालीं असा अभिप्राय दिला कीं, रक्तांतील साखर सुधारण्यासाठीं एकूण पिष्टमय पदार्थ कमी करणें ह्या उपायाच्या बाजूनें सर्वांत अधिक पुरावा आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें २०२१ सालीं आलेल्या एका संकलनांत मात्र दुसरी बाजूहि दिसली : सहा महिन्यांपर्यंत ह्या आहाराचा लाभ स्पष्ट होता, पण वर्ष उलटेपर्यंत तो बराच ओसरला. प्रारंभींच्या उत्साहांत सर्व कांहीं सोडणें सोपें असतें, टिकविणें अवघड. म्हणूनच आपल्याकडील संशोधकांचा सल्ला अधिक विचारणीय वाटतो. वर उल्लेखिलेल्या देशव्यापी पाहणींतील १८,०९० प्रौढांच्या आहाराचा हिशेब करून २०२२ सालीं त्यांनीं असें सुचविलें कीं, नव्यानें मधुमेह झालेल्यांनीं एकूण ऊर्जेंतील पिष्टाचा वांटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनांचा १९ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवावा. म्हणजे पोळीभात हद्दपार करा, असें कोणी म्हणत नाहीं. पानांत निम्म्याहून कितीतरी अधिक जागा अडवून बसलेल्या धान्यानें थोडें सरकून डाळी-उसळींस जागा द्यावी, इतकेंच मागणें आहे.

आपल्या ताटाचा हिशेब

आतां आपल्या सुशिक्षित घरांतील एका साध्या दिवसाचा हिशेब करूं. सकाळीं बशीभर पोहे : सुमारें ४५ ग्रॅम पिष्ट. दिवसभरांत चार कप चहा, प्रत्येकांत दोन चमचे साखर : ४० ग्रॅम. दुपारीं तीन पोळ्या व मोठी वाटीभर भात : जवळजवळ १०० ग्रॅम. संध्याकाळीं थोडा चिवडा अथवा बिस्किटें : २०. रात्रीं दोन पोळ्या व पुन्हां भात : ८०. वरण-भाज्यांतील पिष्ट धरलें, तर बेरीज सहज तीनशेंच्या वर जाते; आणि ह्यांत गोडाधोडाचा एकहि पदार्थ आलेला नाहीं! वैद्यकाच्या भाषेंत दिवसाला १३० ग्रॅमच्या खालीं पिष्ट असेल, तरच आहाराला 'लो-कार्ब' म्हणतात.

हाच हिशेब उलटा वाचला, तर मार्गहि दिसतो. चहांतील साखर सोडली, कीं ४० ग्रॅम वाचले. पोह्यांच्या जागीं मुगाच्या डाळीचें धिरडें किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ घेतली, कीं आणखी वीसएक. दुपारीं तीनांऐवजीं एकच पोळी ठेवून भात रजेवर पाठविला आणि रात्रींचाहि भात सोडला, कीं सव्वाशें. वाढविलेल्या उसळीचें पिष्ट पुन्हां मिळविलें, तरी आंकडा दीडशें-एकशेंसाठच्या आसपास येतो, आणि घरांत वेगळी चूल मांडावी लागत नाहीं.

ह्या हिशेबांत कांहीं गोड गैरसमज आड येतात. पहिला ज्वारीचा. पोळीच्या जागीं भाकरी घेतली कीं पथ्य झालें, असें पुष्कळांना वाटतें. ज्वारींत चोथा आहे, ती चांगलीच आहे. पण पिष्टाच्या दृष्टीनें शंभर ग्रॅम ज्वारी व शंभर ग्रॅम गहूं ह्यांत फारसें अंतर नाहीं. दोन पोळ्यांच्या जागीं दोन जाड भाकऱ्या घेतल्या, तर पिष्ट उलट वाढेल. दुसरा गुळाचा व मधाचा. साखर वर्ज्य आणि गूळ चालतो, हा भेद रक्ताला समजत नाहीं. तिसरा रसाचा. नागपूरकरांनीं संत्र्याला भिण्याचें कारण नाहीं; एक संत्रें चोथ्यासकट खावें. परंतु चार संत्र्यांचा रस गाळून पेलाभर प्याला, म्हणजे चोथा टाकून साखर तेवढी घेतली असें होतें.

सर्वांत मोठा गैरसमज उपासाचा. एकादशी-चतुर्थीला आपण धान्य सोडतों आणि साबुदाण्याची खिचडी खातों. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निखळ पिष्ट. त्यांत प्रथिनें नांवालाच असतात. सोबत बटाटा आणि रताळें आलें, कीं उपासाचा दिवस हाच महिन्यांतील सर्वांत अपथ्याचा दिवस ठरतो. ज्यांना उपास सोडवत नाहीं, त्यांनीं ताक, दहीं, काकडीची कोशिंबीर व मूठभर दाणे ह्यांवर तो निभवावा. आणि गोळ्या चालूं असतील, तर उपासापूर्वीं डॉक्टरांना विचारावें.

पंगतीचा क्रम

आपल्या पंगतींत पहिला मान वरणभाताचा. रिकाम्या पोटीं मऊ भात, वर साजूक तूप. आणि कोशिंबीर पानाच्या कडेला शोभेपुरती. न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं २०१५ सालीं एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच रुग्णांना तेंच जेवण दोन वेगळ्या क्रमांनीं दिलें. भाजी व प्रथिनें आधीं आणि पाव शेवटीं खाल्ला, तेव्हां जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. हा उपाय फुकटचा आहे. पान तेंच ठेवावें. फक्त कोशिंबीर, पालेभाजी, उसळ, घट्ट वरण ह्यांनीं आरंभ करावा, आणि भात घ्यावयाचाच असेल, तर शेवटीं चार घांस घ्यावा.

नागपुरी स्वयंपाकांत ह्या पथ्यास अनुकूल पदार्थ पुष्कळ आहेत. झुणका, पातोडी, कढींतले गोळे, डाळ घातलेली अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे आपलेच पदार्थ. गोळाभात केला, तर रुग्णाच्या पानांत गोळे अधिक व भात कमी वाढावा. बेसनांतहि पिष्ट असतें, पण प्रथिनें व चोथा ह्यांमुळें तें सावकाश उतरतें. तेलावर मात्र हात आंखडता असावा. तर्रीचा तवंग हा पथ्याचा भाग नव्हे.

येथें नागपूरच्याच एका थोर व्यक्तीचें स्मरण होतें. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) ह्यांनीं आपल्या व्याख्यानांतून असें मांडलें कीं, खाणें दिवसांतून दोनदांच व्हावें. कारण प्रत्येक खाण्यासरशीं शरीर इन्सुलिन सोडतें. पुढें डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनीं हा विचार महाराष्ट्रभर नेला : दोन वेळां जेवण, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आंत, आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणें. ह्या पद्धतीचा भर काय खावें ह्यापेक्षां किती वेळां खावें ह्यावर आहे. ती कोणी अनुसरली, तरी दोन्ही पानांतील पोळीभाताचा हिशेब सुटत नाहीं, हें ध्यानांत असावें.

औषधें घेणारांस इशारा

हा भाग कृपया घरांतील प्रत्येकानें वाचावा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ह्यांसारख्या गोळ्या अथवा इन्सुलिन चालूं असतांना पिष्ट एकाएकीं तोडलें, तर साखर धोक्याइतकी उतरूं शकते. दरदरून घाम, हातापायांस कंप, छातींत धडधड, बोलण्यांत गोंधळ हीं तिचीं लक्षणें. यंत्रावर आंकडा ७० च्या खालीं दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून पाजावी आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावें. मनुष्य बेशुद्ध असेल, तर तोंडांत कांहींहि न घालतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या जातीच्या गोळ्यांचा धोका निराळा : अन्न फार तोडल्यास साखर विशेष न चढतांहि रक्तांत आम्ल सांचूं शकतें. ओकारी, पोटदुखी व धाप ह्यांकडे दुर्लक्ष करूं नये. म्हणून आहार बदलण्यापूर्वींच औषधांचें प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें. मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया, वाढत्या वयाचीं मुलें आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले रुग्ण ह्यांनीं हा प्रयोग आपल्या मनानें मुळींच करूं नये.

पथ्य कोणाचें?

रुग्ण पुरुष असेल, तर घर त्याच्याभोंवतीं फिरतें. त्याच्यासाठीं निराळी उसळ होते, चहा बिनसाखरेचा येतो. त्याचा शत्रु असतो तो आग्रह. "एका पुरणपोळीनें काय होतें?" असें म्हणणाऱ्या आत्याबाई प्रेमानेंच म्हणतात, पण सणवार, बारसें, मुंज, केळवण मिळून अशा 'एका' पोळ्या वर्षांत किती होतात, हें त्यांनीं मोजलेलें नसतें.

रुग्ण घरची गृहिणी असेल, तर चित्र पालटतें. ती सर्वांना वाढून शेवटीं बसते. तोंपर्यंत उसळ संपलेली असते, कोशिंबीर मुलांनीं फस्त केलेली असते आणि पातेल्यांत भात उरलेला असतो. अन्न टाकवत नाहीं म्हणून ती तोच ताकाशीं कालवून खाते, आणि सकाळीं रात्रीचा शिळा भात फोडणीला घालून पुन्हां स्वतःच संपविते. तिचें पथ्य मोडतें तें जिभेच्या लालसेनें नव्हे, काटकसरीनें व सर्वांच्या मागून जेवण्याच्या रीतीनें मोडतें. तिला "तुम्ही भात खाऊं नका" एवढें सांगून भागत नाहीं. तिच्या वांट्याची उसळ व भाजी आधीं काढून झांकून ठेवली पाहिजे, भात मोजून लावला पाहिजे, आणि शक्य तर तिचें पान सर्वांबरोबर मांडलें पाहिजे. हें काम तिचें नाहीं. मुलाचें आहे, सुनेचें आहे, यजमानांचें आहे.

तीन महिने हें नेटानें करून 'एचबीए१सी' ही तपासणी पुन्हां करावी. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी तींत कळते. तोंपर्यंत एका वहींत रोजचें जेवण व मोजलेली साखर लिहून ठेवावी आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. कोणत्या पदार्थानें आपल्या घरच्या माणसाची साखर किती चढते, हें त्या वहीइतकें नेमकें कोणतेंहि पुस्तक सांगूं शकणार नाहीं. आणि त्याच घरांतील पुढच्या पिढीच्या अंगीं ह्या रोगाची प्रवृत्ति असण्याचा संभव असल्यामुळें, एकासाठीं बदललेलें पान थोड्याफार फरकानें सर्व प्रौढांस हितकर ठरेल.